जुळ्या भावाने दिलेल्या पेशी

बालदोस्तांनो, तुमच्या शाळेत हुबेहूब सारखी दिसणारी जुळी भावंडं आहेत का? एकाचा खोडकरपणा आणि ओरडा दुसऱ्याला, असं हमखास होतं! ही जुळी एकाच फलित बीजापासून वाढतात. म्हणूनच एकाच्या पेशी दुसऱ्याच्या शरीरात घातल्या, तरी ते शरीर त्यांना परकं मानत नाही. या गोष्टीचा उपयोग डॉक्टरांना एड्स हा आजार समजून घ्यायला झाला.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. त्यांतल्या सीडी-४ नावाच्या पेशी बाकीच्यांना लढायचा इशारा देतात. घाटकोपरला सिग्नल बिघडला की काय होतं? लोकल असते, मोटरमनही असतो, पण गाडी जागची हलत नाही! एचआयव्ही हा विषाणू नेमका या सिग्नल देणाऱ्या पेशींत घुसतो आणि त्यांच्याकडूनच आपल्यासारखे असंख्य विषाणू बनवून घेतो. हळूहळू या पेशी कमी होत जातात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मग एरवी सहज हरणारे जंतूही शिरजोर होतात.

मग बाहेरून नव्या पेशी दिल्या तर? अमेरिकेत डॉ. क्लिफर्ड लेन, डॉ. अँथनी फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका एड्सच्या रुग्णाला त्याच्या निरोगी जुळ्या भावाच्या पांढऱ्या पेशी आणि अस्थिमज्जा दिली. हा प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाची प्रतिकारशक्ती थोडी सुधारली, पण ती सुधारणा टिकली नाही. विषाणू शरीरात होताच. त्याने नव्या पेशींवरही हल्ला केला! म्हणजे नुसती भरती करून भागत नाही, आधी विषाणूला रोखायला हवं.

भारतात हा विषाणू १९८६ साली चेन्नईत प्रथम सापडला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला हिने रक्ताचे नमुने गोळा केले होते. पुढे १९९६ च्या सुमारास, एकत्र घेतल्यावर विषाणूला रोखणारी औषधं आली. २००४ पासून भारत सरकार ती मोफत देतं. रोज नेमाने गोळ्या घेतल्या, की सीडी-४ पेशी पुन्हा वाढतात आणि माणूस दीर्घकाळ चांगलं आयुष्य जगू शकतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. एचआयव्ही पसरतो तो बाधित रक्तातून, वापरलेल्या सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला. एका बाकावर बसून, एका डब्यातलं खाऊन, गळ्यात हात टाकून किंवा डास चावून तो होत नाही. २०१७ च्या कायद्यानुसार या कारणासाठी कुणाला शाळेत प्रवेश नाकारताही येत नाही. तरीही भीतीपोटी काही मुलं एकटी पडतात. त्या भीतीवर गोळी नाही, माहिती मात्र आहे. म्हणून हे पान आईबाबांनाही नक्की वाचून दाखवा हं!