साथीला कोण होते?

मैफल कशी झाली असे कुणी विचारले की आपण गायकाचे नाव सांगतो, राग सांगतो, फार तर रात्री किती वाजेपर्यंत रंगली ते सांगतो. साथीला कोण होते, असे विचारणारा शंभरांत एखादाच भेटतो. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत तर ही उदासीनता आणखीच वाढली आहे. जॅझच्या तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे नेमाने छापलेली असत; आता फोनच्या पडद्यावर बहुधा एकच नाव झळकते आणि बाकीचे अंधारात बसून वाजवतात. माझे म्हणणे उलटे आहे. ध्वनिमुद्रण ऐकावे ते मुख्य कलावंताइतकेच, किंबहुना अधिक, त्याच्या साथीदारांसाठी. आणि या म्हणण्याला अमेरिकन पियानोवादक बिल एव्हान्स (१९२९–१९८०) याच्याइतका चांगला साक्षीदार मला दुसरा दिसत नाही.

जॅझ म्हटले की 'नुसता गोंगाट' म्हणून नाक मुरडणारे रसिक आपल्या प्राध्यापकवर्गातही आहेत (नावे सांगत नाही). त्यांनी एव्हान्सपासून सुरुवात करावी. डोके जवळजवळ पियानोच्या पट्ट्यांना टेकवून, स्वतःशीच बोलल्यासारखा हा माणूस वाजवी.

त्याचा सहभाग असलेली सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका म्हणजे माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. वेष्टनावरचे टिपण एव्हान्सनेच लिहिले. त्यात त्याने एका जपानी चित्रपद्धतीचा दाखला दिला आहे. पातळ ताणलेल्या कागदावर शाईचा कुंचला असा फिरवायचा की हात जरा अडखळला तर कागदच फाटावा; खोडणे नाही, गिरवणे नाही. उत्स्फूर्त वादन हे असेच, असे त्याचे म्हणणे. ध्वनिमुद्रण म्हणजे संगीताचे कलेवर, असे म्हणणाऱ्यांनी हे टिपण जरूर वाचावे. तबकडीवर जे उमटले आहे ते घोटून गुळगुळीत केलेले नाही, एकदाच ओढलेली रेघ आहे.

अर्थात तबकडी खरे बोलतेच असे नाही. पहिल्या दिवशी मुद्रणयंत्र किंचित मंद चालले होते. परिणामी ती फीत नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर थोडे चढे लागत. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना या चढ्या सुरातच जगभर गेल्या आणि १९९२ साली नव्याने काढलेल्या आवृत्तीत तो दोष दुरुस्त झाला. तेहेतीस वर्षे या तबकडीबरोबर रियाझ करणाऱ्यांचे वाद्य तिच्याशी नीट जुळेना, तेव्हा त्यांतल्या कितीजणांनी आपल्याच कानाला दोष दिला असेल!

आता हार्मनीविषयी. आपल्याकडे तानपुरा षड्ज धरून बसतो आणि त्यावर एकच स्वररेषा फिरते. तिकडे तीन, चार, पाच स्वर एकदम वाजवून स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, उभा करतात आणि कॉर्ड बदलला की खालची जमीनच बदलते. त्या काळच्या जॅझमध्ये ही जमीन इतक्या भराभर सरके की वादकाचा निम्मा जीव तोल सांभाळण्यातच जाई. 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'सो व्हॉट' या पहिल्याच रचनेत सोळा मात्राखंड एकच स्वरसप्तक आहे, मग आठ खंड तेच अर्ध्या स्वराने वर, पुन्हा आठ खंड मूळचे. या सप्तकात गांधार आणि निषाद कोमल, बाकी सारे शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. त्यामुळे काही उत्साही मंडळी 'अहो, हा तर काफी राग!' म्हणून मोकळी होतात. थाट म्हणजे राग नव्हे, हे विसरून चालणार नाही. पण एका सप्तकात मुक्काम ठोकण्यातला आनंद आपल्या कानाला ओळखीचा वाटतो, हेही खरे. या रचनेत बास प्रश्न विचारतो आणि पियानो दोन स्वरसंघांत उत्तर देतो. हे स्वरसंघ षड्ज-मध्यमाची तीन अंतरे एकावर एक रचून, त्यांवर षड्ज-शुद्ध गांधाराचे एक अंतर ठेवून बांधलेले आहेत. ऐकताना एखादे दार अर्धवट उघडे राहिल्यासारखे वाटते.

एव्हान्सचा खरा विशेष मात्र त्याच्या त्रयीत दिसतो. पियानो त्याचा, बास स्कॉट लाफारोचा, ड्रम्स पॉल मोशनचे. पियानोवादकाच्या डाव्या हाताने कॉर्डचा मूळ स्वर द्यावा ही सर्वसाधारण रीत. एव्हान्स तो वारंवार सोडून देई. तो स्वर द्यायला बासवाला बसलेला आहे, मग आपण कशाला द्यायचा? इथवर हा श्रमविभागणीचा हिशेब झाला. पण लाफारोही काही निमूट खुंटा धरून बसणारा नव्हता. तो मूळ स्वर सोडून वरच्या सप्तकात स्वतःचे सूर गुंफू लागे. अशा वेळी पाया कोणीच वाजवत नाही, तरी इमारत उभी राहते, कारण तिघांच्याही मनात तो पक्का आहे आणि आपल्याही कानात तोपर्यंत बसलेला असतो. हार्मनीचा याहून चांगला अर्थ मला कोणत्या पुस्तकात सापडलेला नाही.

रविवार, २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या क्लबमध्ये या त्रयीने दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठकी वाजवल्या. 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या दोन ध्वनिमुद्रिका त्यातूनच निघाल्या. दुसरीतली डेबी म्हणजे एव्हान्सची पुतणी. वाजवत असताना पेल्यांची किणकिण, कुणाचे हसणे, कुणाच्या गप्पा स्पष्ट ऐकू येतात. समोर काय चालले आहे याचा त्या गिऱ्हाइकांतल्या बऱ्याच जणांना पत्ता नसावा. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय अवघे पंचवीस. पुढचे कित्येक महिने एव्हान्स त्रयी घेऊन वाजवू शकला नाही. त्या रविवारी मुद्रणयंत्र लावलेले नसते तर बासवादनातली एवढी मोठी गोष्ट त्या तळघरातल्या गप्पांबरोबरच विरून गेली असती.

१९६३ साली त्याने याच्या अगदी उलट प्रयोग केला. 'कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ' या ध्वनिमुद्रिकेत एकावर एक मुद्रण करून तीन पियानो त्याने एकट्यानेच वाजवले. तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. कौशल्य अफाट आहे, ते नाकारण्याचा माझा अधिकार नाही. पण तिन्ही आवाजांना एकमेकांचे पुढचे वाक्य आधीच ठाऊक आहे. आपण चकित होतो ते करामतीने. लाफारो अचानक वळण घेई आणि एव्हान्स क्षणभर थांबून त्याच्यामागे जाई, तसले चकित होणे इथे नाही.

आणि श्रेयाचे काय? 'काइंड ऑफ ब्लू'वरची 'ब्लू इन ग्रीन' ही रचना डेव्हिसच्या नावावर आहे. ती आपली, असे एव्हान्सचे म्हणणे होते आणि अनेक जाणकार ते मान्य करतात. एव्हान्सच साथीला बसलेला होता, हे इथे लक्षात घ्यावे.

हे प्रकरण परके वाटायचे कारण नाही. आपल्या हिंदी चित्रपटगीतांत हार्मनी आली ती मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या वादकांच्या हातून. पाश्चात्य नोटेशन वाचण्यात तरबेज असलेली ही माणसे मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवीत आणि स्टुडिओत संगीतरचनांना वाद्यमेळाचा साज चढवीत. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मधली गाणी आपल्या आजोबांपासून सर्वांना पाठ. पण त्यामागे चिक चॉकलेट या नावाने गाजलेला गोव्याचा ट्रंपेटवादक होता, हे किती घरांत ठाऊक आहे? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना सबॅस्टियन डिसूझा करीत. अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ च्या एका गाण्याने देशभर दुमदुमले, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण ठेवली म्हणून. आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना ते काल्पनिकच वाटले!

आपल्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेतही गायकाचे नाव ठळक अक्षरांत असते आणि खाली 'साथ : महाविद्यालयीन वाद्यवृंद' एवढ्यावर भागवलेले असते. यंदाची पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी संगीत मंडळाच्या चिटणीसांनी तीन ओळी वाढवाव्यात : तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण.