शेवटी पाणीच ते!

काही वाक्यं ऐकली की माझं डोकं तापतं. ‘डॉक्युमेंटेशन नंतर करू’ हे त्यातलं एक. दुसरं म्हणजे, ‘कूलंट काय, कुठलंही ओत रे, शेवटी पाणीच ते!’ आज दुसऱ्याचा समाचार. पहिल्याबद्दल लिहिलं तर मॅनेजर वाचायचा :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. कंपनीच्या कृपेने मी सध्या इंग्लंडात आहे आणि इथल्या लोकांना एक भारी वेड आहे : किट कार. शोरूममध्ये जायचं नाही. सुट्या भागांची खोकी मागवायची आणि घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार खपून गाडी स्वतः जोडायची. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटसने ‘सेव्हन’ ही चिमुकली गाडी काढली. तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. मग काय, घरोघरी कारखाने! १९७३ मध्ये तो टॅक्स गेला, व्हॅट आला, तरी वेड गेलं नाही. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमने घेतले आणि ती गाडी आजही किट म्हणून मिळते. ऑफिसातला एक मित्र त्याच वळणाची गाडी बांधतोय, आणि पाने-पक्कड घेऊन माझेही शनिवार तिथेच जातात.

आता मुद्दा. कंपनीच्या गाडीत कोणीतरी इंजिनियर बसून ठरवतो की ब्लॉक अमुक धातूचा, रेडिएटर तमुक, म्हणून कूलंट अमुकच. किट कारमध्ये ती खुर्ची रिकामी असते. इंजिन फोर्डच्या जुन्या गाडीतलं, म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड. रेडिएटर दुसऱ्याकडून, चकचकीत ॲल्युमिनियमचा. हीटर तिसऱ्याकडून, तांब्या-पितळेचा. मधले पाइप स्टीलचे. आमच्या भाषेत सांगायचं तर चार व्हेंडरची चार मोड्यूल्स आणि इंटिग्रेशनला कोणीच नाही!

वेगवेगळे धातू एकमेकांना जोडले आणि मधे वीज वाहून नेणारं पाणी ठेवलं की काय होतं? बॅटरी. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण सगळ्यांनी ती केली आहे. इथे मात्र झिजणारा इलेक्ट्रोड म्हणजे तुमचं महागडं ॲल्युमिनियम. शिवाय हीटरमधून सुटलेलं तांबं पाण्यातून जाऊन ॲल्युमिनियमवर बसतं आणि तिथे खड्डे पाडायला लागतं. आम्ही आणलेल्या जुन्या इंजिनाचं हेड उघडलं, तर पाण्याच्या वाटांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झालेल्या. हेड भंगारात. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं होतं.

‘मग डिस्टिल्ड वॉटर घालू की’ असं म्हणणारे एक पायरी वरचे शहाणे. क्षार नाहीत, क्लोराइड नाही, हे खरं. लंडनच्या जड पाण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण नुसतं शुद्ध पाणीही लोखंडाला गंजवतंच. त्यात आणखी एक पेच आहे. लोखंडाला अल्कधर्मी पाणी मानवतं, तर ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर पीएच साडेआठच्या पुढे गेला की विरघळू लागतो. दोघांनाही खूश ठेवेल असं नुसतं पाणी अस्तित्वातच नाही. म्हणून गंजरोधक रसायनं लागतात, आणि कूलंटच्या बाटलीत मोलाची गोष्ट असते ती हीच. बर्फ न होणं हा बोनस. एएसटीएमच्या डी१३८४ या चाचणीत तांबं, सोल्डर, पितळ, स्टील, ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियम अशा सहा धातूंच्या पट्ट्या एकाच काचपात्रात ८८ अंश सेल्सियसला ३३६ तास ठेवतात. ही चाचणी म्हणजे किट कारचं पाणी डिट्टो!

यावर एका दुकानदाराचं ज्ञान ऐका : ‘निळं असलं की झालं.’ अरे बाबा, रंग हे स्टँडर्ड नाही. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. सिलिकेटवालं जुन्या पद्धतीचं कूलंट सगळ्या धातूवर थर चढवतं आणि साधारण २ वर्षांत संपतं. ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांवर चालणारं, गंज सुरू होतो तिथेच काम करतं आणि साधारण ५ वर्षं टिकतं. दोन्ही एकत्र ओतलीत तर आयुष्य घटतं, कधी कधी गाळही धरतो.

‘पण गाडी वर्षाला हजार मैलच चालते!’ तरीही गंजते. गंज मैल मोजत नाही, महिने मोजतो. ग्लायकॉलचं हळूहळू आम्ल होत जातं आणि गंजरोधक त्याच्याशी लढता लढता संपतात. हिवाळ्यात पाणी काढून गाडी झाकून ठेवणारे तर थोरच. ओला धातू आणि मोकळी हवा, गंजाला आणखी काय हवं?

शेवटचा मुद्दा वायरिंगचा. बऱ्याच किट कारची बॉडी फायबरग्लासची असते. त्यातून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक पंख्याला, दिव्याला अर्थची स्वतंत्र वायर हवी. आळशी माणूस पंख्याची अर्थ रेडिएटरला चिकटवतो. मग करंट कूलंटमधून वाट काढतो आणि रेडिएटरला भोकं पडतात.

हे सगळं माहीत असलेले लोकही ‘शेवटी पाणीच ते’ म्हणतात, याचा मला संताप येतो. आपल्याकडे घाटात बॉनेट उघडून, बुचावर ओलं फडकं टाकून कॅनमधलं पाणी ओतायचे, तेव्हा निदान नाइलाज होता. इथे माणूस तीन वर्षांचे वीकेंड एका गाडीत घालतो, पॉलिश केलेल्या रॉकर कव्हरचे फोटो सगळ्यांना दाखवतो आणि कूलंटच्या बाटलीशी मात्र घासाघीस करतो!

तेव्हा किट बांधणाऱ्यांनो, पहिली खोकी उघडाल त्या दिवशी एक कागद घ्या. पाण्याला लागणाऱ्या प्रत्येक भागाचा धातू लिहा. त्या सगळ्यांना चालणारं एकच कूलंट निवडा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा, हवा नीट काढा, आणि बदलायची तारीख झाकणाजवळ चिकटवा. जुनं कूलंट गटारात किंवा उघड्या भांड्यात ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं जीवाला मुकतात.

असो. येत्या शनिवारी आमच्या गाडीत कूलंट भरायचं आहे. कागद तयार आहे, हेड दुसरं आणलंय. आता कोणी ‘कुठलंही ओत रे’ म्हणालं, तर त्याला आधी ते कुरतडलेलं हेड हातात देणार आहे.