सोनमाशाची गाठ

जुन्नरच्या आमच्या वहिनी लिहितात, "भावोजी, सोनमाशाच्या अंगावर पांढरी गाठ आली आहे. धाकटे चिरंजीव ब्लेडने काढू म्हणतात!" मंचरहूनही अशीच चौकशी आहे. वहिनी, ब्लेड आधी दाढीच्या डब्यात ठेवायला सांगा. जखम झाली की तिच्यात बुरशी शिरते आणि मासा गाठीने नव्हे, उपचाराने दगावतो.

मुळात प्रत्येक फुगवटा म्हणजे रोग नव्हे. ओरँडा जातीच्या डोक्यावरचा मांसल मुकुट माणसानेच निवड करकरून घडवलेला. विणीच्या दिवसांत नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर रव्याच्या कणांसारखे ठिपके उठतात. ती तर त्याची वयात आल्याची खूण!

मेणाच्या थेंबासारखी गुळगुळीत गाठ बहुधा विषाणूची असते. त्यावर औषध नाही. जुन्नर-आंबेगावच्या थंडीत ती वाढेल. पाण्याला ऊब आली की पुष्कळदा आपोआप गळते. मात्र गाठ वाढतच गेली, मासा खाईना, तर पशुवैद्यांना दाखवा. अंग फुगून खवले उभे राहिले, तर आशा थोडीच.

दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवून, हंड्यातल्या पाण्याइतकेच कोमट-गार झाल्यावर घालावे. थंडीत खाणे निम्म्यावर आणा. फराळाचा चुरा तर मुळीच नको.