नोंदवहीतील गैरहजर बालक

उसाच्या गाळपाचा हंगाम सुरू झाला, की बीडकडील उपकेंद्रांच्या लसीकरणाच्या नोंदवहीत काही बालकांच्या नावांपुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडू लागतो. आणि ज्या सिस्टरने तो स्वहस्ते लिहिलेला असतो तिला पुष्कळदा हेही ठाऊक असते, की मुकादमाची उचल घेऊन त्या बालकाचे आईबाप कोणत्या कारखान्याच्या फडावर गेले आहेत, लसीकरणाचे कार्ड त्यांनी बरोबर नेले की गावी आजीपाशी राहिले, आणि टोळी माघारी येईल तोवर कोणता डोस चुकलेला असेल. वरच्या दफ्तरात मात्र पोहोचते ती निव्वळ टक्केवारी.

परिचर्याशास्त्राचे अध्यापक आणि सार्वजनिक आरोग्याचे अध्यापक यांनी संयुक्त संशोधन करावे असे मी आग्रहाने म्हणतो, ते या शेऱ्यासाठी. दोन्ही शाखांच्या पदव्या १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे एकच आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. तथापि परिचर्येच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीचा प्रबंध बहुधा व्याख्यानापूर्वी व व्याख्यानानंतर श्रोत्यांचे ज्ञान किती वाढले एवढे मोजून थांबतो, तर सार्वजनिक आरोग्याच्या पाहणीत तीच परिचारिका दुसऱ्याने रचलेली प्रश्नावली भरून आणणारी कारकून ठरते. इतक्या निकटच्या अनुभवाचा असा अपव्यय मला अक्षम्य वाटतो.

वास्तविक या दोन विद्यांची फारकत मूळची नव्हे. क्रिमियाच्या युद्धातील शुश्रूषेमुळे कीर्ती पावलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे आकृत्यांतून सरकारपुढे मांडले, आणि १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने सभासद म्हणून निवडलेली पहिली स्त्री त्याच होत. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात अर्भकाचे वजन करणे, श्वास मोजणे, न्यूमोनिया ओळखणे शिकविले आणि घरोघरच्या त्या शुश्रूषेचा काटेकोर हिशेब ठेवला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. शुश्रूषा आणि गणित यांपैकी एक जरी उणे असते, तरी तो निष्कर्ष जगापुढे आला नसता.

परिचारिकेच्या अनुभवालाही मर्यादा आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. तिला दिसतात ती दारी आलेली किंवा तिच्या यादीत असलेली माणसे. कारखान्याजवळच्या कोपीत राहणारे बालक गावच्या यादीत गैरहजर, आणि कारखान्याकडील उपकेंद्राच्या यादीत कदाचित मुळी नाहीच. दोन्ही टोकांच्या नोंदी जुळवून अशी किती बालके निसटतात हे ठरविण्यास नमुना निवडण्याचे आणि भाजक निश्चित करण्याचे शास्त्र लागते. ते सार्वजनिक आरोग्याच्या अध्यापकापाशी आहे. मग त्याच्या विभागाने बीडच्या एखाद्या परिचर्या महाविद्यालयाशी करार करून हाच प्रश्न हाती का घेऊ नये?

त्यासाठी विद्यापीठाने पदव्युत्तर प्रबंधास दोन्ही शाखांतून एकेक मार्गदर्शक नेमण्याची मुभा द्यावी, जिल्हा परिषदेने नोंदवह्या पाहण्याची मंजुरी विनाविलंब द्यावी, आणि शोधनिबंधाच्या लेखकांत परिचारिकेचे नाव तिच्या कामाच्या योग्यतेने यावे. आभाराच्या ओळीवर तिची बोळवण होऊ नये. याहून निकडीची बाब वेळेची आहे. जी सिस्टर एकाच बालकाची माहिती वहीत, कार्डावर आणि पुन्हा मोबाइलवर भरते, तिच्या माथी संशोधनाचा चौथा तक्ता मारण्यापूर्वी आधीच्या तिहींपैकी एक तरी कमी करण्याचा हुकूम निघाला पाहिजे.