वाचन-लेखनाची फारकत

महाविद्यालयांतील इंग्रजीच्या शिक्षणांत वाचन व लेखन यांची जी फारकत झाली आहे, तिच्याबद्दल आमचे कांहीं व्यवसायबंधु मोठें समाधान मानितात. साहित्य मूठभर रसिकांस द्यावें, बाकीच्यांकडून अर्ज व अहवाल यांचे नमुने घोकून घ्यावे, म्हणजे झालें! हें मत आम्हांस सर्वथैव अमान्य आहे.

वर्गांत वस्तुतः चालतें काय? धडा प्राध्यापक वाचतो, अर्थही तोच सांगतो, आणि उत्तरें बाजारांतलें गाइड पुरवितें. विद्यार्थ्याच्या वांट्यास येतें तें केवळ उतरून घेणें. परीक्षेंत तो तीन तास लिहितो. उत्तरपत्रिकेवर आंकडा पडतो व ती गठ्ठ्यांत जाते. अमुक वाक्य कां फसलें, हें त्यास कोणी सांगत नाहीं. पोहणें शिकविणाऱ्यानें पोराला वर्षांतून एकदां विहिरींत ढकलावें आणि कांठावरून गुण मांडून घरीं जावें, तशांतला हा प्रकार! (आम्हींही कित्येक वर्षें टिपणेंच सांगितलीं, हें कबूल केलें पाहिजे.)

बेकनचा अध्ययनाविषयींचा निबंध घ्या. त्यांतील वचनें तोंडपाठ असलेले पदवीधर पुष्कळ भेटतात. परंतु १५९७ सालीं तो प्रथम छापला गेला तेव्हां संग्रहांत अवघे १० निबंध होते. १६२५ मध्यें ते ५८ झाले, आणि तोंपर्यंत बेकननें हा जुना निबंधही वाढवून नव्यानें लिहिला होता, हें त्यांपैकीं कितीकांस ठाऊक असतें? माणसाच्या अंगच्या गुणांस छाटणी लागणाऱ्या रोपांची दिलेली उपमा पहिल्या पाठांत नाहींच. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून ‘ही उपमा मागाहून कां घातली?’ एवढेंच विचारावें. त्या तासाला वाचन कोठें संपलें व लेखन कोठें सुरू झालें, हें आमच्या व्यवसायबंधूंनीं दाखवून द्यावें!

वर्ग शंभरांचा, तपासणार कोण, असा आक्षेप येतो. पंधरवड्यास एकच परिच्छेद लिहवावा, दहा निवडून वर्गासमोर सुधारावे. एकाच्या चुकींत नव्वदांची चूक सांपडते. राहिला यंत्राचा प्रश्न. अर्ज व अहवाल आतां यंत्र क्षणांत लिहून देतें. म्हणजे नमुने घोकविण्याचा जो व्यवहारी आधार होता तोच ढासळला. यंत्रानें लिहिलेलें नेमकें कीं पोकळ, हें ओळखण्यास वाचकच लागतो.

उत्तरपत्रिका शेऱ्यांसह परत देण्याचें विद्यापीठांच्या मनांत नसेल, तर निदान अभ्यासक्रमांतून ‘लेखनकौशल्य’ हा शब्द तरी त्यांनीं काढून टाकावा.