आज चालतं?

ईदच्या नमाजनंतर दुपारपर्यंत आमची पाच घरं होतात. प्रत्येक घरी शिरखुर्मा, शेवटच्या घरी बिर्याणी. मला मधुमेह आहे. वाटी सरकवली की खाला म्हणते, "ईद के दिन कैसा परहेज?"

रक्तातल्या साखरेला ईद कळत नाही. अब्बांनाही आम्ही 'आज चालतं' म्हणत वाढत राहिलो. त्यांच्या पायाची जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. वाढणाऱ्यांत मीही होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे प्रत्येक दस्तरखानावर आमच्यासारखं कुणीतरी बसलेलं असणारच.

खा-प्या, पण अतिरेक नको, हे कुरआनातच आहे. ते सांगायला गेलो तर चुलतभाऊ म्हणाले, जेवताना तकरीर नको. तेही खरंच.

मला वाटतं, अडचण वेगळी आहे. खाला चाँदरातीला जागून हे सगळं करते. वर्षभर तिच्या कष्टांना कुणी विचारत नाही. रिकामी वाटी ही तिला मिळणारी एकमेव पावती. मग आमचा नकार तिला लागणार नाही तर काय?

यंदा चाँदरातीला मी तिच्याकडे गेलो, बदाम-पिस्ते कापत बसलो. बायकांना हसू आवरेना. सकाळी दोन चमचे शिरखुर्मा घेतला, नंतर कबाब आणि काकडी पोटभर. खाला कुरकुरली, पण वाटी पुन्हा भरली नाही. निघताना दारात हळूच म्हणाली, "तेरी वो मशीन लाया क्या? मेरी भी शुगर देख."