कचऱ्याची जागा कोणी ठरवावी?

रस्त्यावरील कचरा दृष्टीआड झाला की तो नाहीसा झाला, असा नागरिकांचा समज असतो. वस्तुतः तो दुसऱ्याच्या दारी गेलेला असतो.

बंगळूरमधील इंदिरानगर ही सुनियोजित वसाहत. तिचा शंभर फुटी रस्ता उपाहारगृहांनी गजबजलेला असतो. अशा वसाहतींच्या या शहराचा कचरा अनेक वर्षे बाहेरच्या मावळ्ळीपुर व मंडूर या गावांलगत पडत असे. २०१२ मध्ये मावळ्ळीपुरचा डेपो बंद होताच शहरात ढीग साचले. २०१४ मध्ये मंडूरच्या ग्रामस्थांनी आंदोलन केले. १ डिसेंबरपासून तेथे कचरा न टाकण्याचे शासनाने मान्य केले. पुढे कचरा जुन्या दगडखाणींकडे वळला. जागा बदलली, पद्धत बदलली नाही. पुण्याच्या फुरसुंगी-उरुळी देवाची येथील कहाणीही याहून फारशी वेगळी नाही.

मिश्र कचऱ्याच्या ढिगात दडपलेले अन्न हवेवाचून कुजते. त्यातून ज्वालाग्राही मिथेन वायू निघतो, आणि पावसाच्या पाण्याबरोबर दूषित द्रव जमिनीत झिरपून विहिरींपर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच २०१६ च्या नियमांनी भरावभूमी नदीपासून १०० मीटर आणि तळी, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर दूर असावी, असे ठरविले. ही अंतरे आवश्यक खरी. परंतु कचरा कोठे नसावा, एवढेच ती सांगतात. त्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न विज्ञानाचा तसाच न्यायाचाही आहे.

त्याचे उत्तर स्पष्ट आहे. ज्या प्रभागात ओला कचरा निर्माण होतो, त्याच प्रभागात त्याचे खत किंवा जैववायू व्हावा. शहरात जमीन महाग आहे आणि दुर्गंधी सुटेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु गावची जमीन स्वस्त ठरते, ती तिच्या विहिरींचे मोल हिशेबात धरले जात नाही म्हणून. दुर्गंधीचे मूळ मुख्यतः हवेवाचून कुजण्यात आहे. वेगळा केलेला ओला कचरा नीट खेळत्या हवेत ठेवल्यास ती पुष्कळ कमी होते. अर्थात त्यासाठी कचऱ्याचे वर्गीकरण घरातच व्हावयास हवे.

एवढे करूनही जे अवशिष्ट राहील, तेवढ्यापुरतीच भरावभूमी असावी. तिची जागा ठरविण्यापूर्वी ग्रामसभेचे मत घ्यावे आणि विहिरींच्या पाण्याची तपासणी नियमितपणे प्रसिद्ध करावी. जो भार इंदिरानगर आपल्या अंगणात क्षणभरही सोसणार नाही, तो मंडूरने निमूटपणे सोसावा, अशी अपेक्षा म्हणजे नियोजन नव्हे.